लांबडीची बांधलेली दोन तोंडं

माझी सगळी नोकरी साखर कारखान्याच्या गाडी विभागात झाली. पुरुषोत्तमनगरच्या वसाहतीत राहायचो, उसाचे ट्रक, ट्रॅक्टर आणि साहेबांच्या जीपा दुरुस्त करायचो. निवृत्तीनंतर शहाद्यात लोणखेड्याच्या रस्त्याला स्वतःचं गॅरेज टाकलं. आयुष्यात किती इंजिनं उघडली त्याचा हिशेब नाही. पण तालुक्यात कोणालाही विचारा, वसंत मिस्तरी कोण, तर ‘तो लांबडीवाला’ असंच सांगतील. ती लांबडी आता माझ्याकडे नाही. ती विसरवाडीच्या एका माणसाकडे आहे आणि मला त्या माणसाचा हेवा वाटतो. पुढे कुठेतरी हळूच सांगण्यापेक्षा हे आधीच सांगून टाकलेलं बरं. माझी बायको सुमन म्हणते, दिवाळीच्या अंकात माणसं चांगलं-चांगलं लिहितात आणि तुम्ही काय ही पोटदुखी लिहायला बसलात? पण मला दुसरं काही सुचत नाही, आणि पोट माझंच दुखतंय.

लांबडी ही अमेरिकन गाडी. दोनच दारं, पुढे अंगणासारखं पसरलेलं बोनेट आणि स्टेअरिंग डाव्या हाताला. आमच्या रमणभाईंनी ती मुंबईला एका परदेशी वकिलातीच्या लिलावात घेतली. रमणभाई म्हणजे तापीकाठचे गुजर शेतकरी, केळी आणि ऊस. घरात ट्रॅक्टर होते, जीप होती, आणखी कशाची गरज नव्हती. लिलावाला ते गेले होते एका व्याह्याच्या सोबतीला, कारण व्याह्याला फर्निचर घ्यायचं होतं. व्याही दोन खुर्च्या घेऊन परतला आणि आमचे भाई ही गाडी घेऊन. गावात शिरताना तिचं नाक वळणाच्या पुढे आणि शेपूट मारुतीच्या पारापाशी, म्हणून पोरांनी तिला लांबडी म्हटलं. भाईंच्या वडिलांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली, आत वाकून पाहिलं आणि विचारलं, हिच्यात केळीचे घड किती मावतील? त्यानंतर ते गाडीबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

गाडी आली तेव्हा तिला हात लावायला कोणी तयार नव्हतं. भाई कारखान्यात ऊस घालायचे, माझी ओळख होती. सुट्टीच्या दिवशी मला घेऊन गेले. मी बोनेट उघडलं आणि उघडंच धरून उभा राहिलो.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्या साध्या मोटारीत चार सिलिंडर असतात, एका रांगेत, आणि सगळ्यांचं पोट मिळून लिटर-सव्वालिटर भरतं. लांबडीत आठ. चार एका बाजूला, चार दुसऱ्या बाजूला, घराच्या छपराचे दोन उतार असतात तसे तिरपे, आणि सगळ्यांचं पोट मिळून सात लिटर. एकेक पिस्टन पितळेच्या लोट्याएवढा. ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं ओतीव लोखंडी धड, पुढे एकदा बाहेर काढायची वेळ आली तेव्हा उसाच्या ट्रकची इंजिनं उचलायची चेन-पुली आणावी लागली. तिकडे पेट्रोल स्वस्त आणि रस्ते सरळ असताना तिथल्या तरण्या पोरांना सिग्नल सुटला की सगळ्यांच्या पुढे निघायचं असायचं. त्यांच्या हौसेसाठी असली इंजिनं बनली, असं मी नंतर जुन्या मासिकांत वाचलं. आता तसलं इंजिन कोणी बनवत नाही.

लोकांचा नेहमीचा प्रश्न, एवढं जुनं इंजिन टिकलं कसं? टिकलं, कारण त्याला कष्टच नव्हते. छोट्या मोटारीचं इंजिन रस्त्याला लागलं की जीव तोडून फिरतं. लांबडीचं तेवढ्याच वेगात निवांत डुलत असायचं. ज्याला कष्ट कमी त्याची झीज कमी. असलं मोठं इंजिन धावून मरत नाही, ते मरतं उभं राहून. तापलेलं उभं राहिलं तर पाणी उकळून मरतं, थंड उभं राहिलं तर गंजून. बाकी त्याला तेल वेळेवर द्या, पाणी स्वच्छ ठेवा, ते तुमच्या नातवाच्या लग्नालाही येईल.

आणि लग्नातच तर आमची खरी लढाई असायची. भाईंचा दिलदारपणा असा की गावातल्या कोणाचंही लग्न असो, जातीचा असो, परजातीचा असो, नवरदेवाला लांबडी फुकट. अट एकच, चालवणार भाई स्वतः. आता विचार करा, जी गाडी वाऱ्यासारखी धावायला बनवली ती वैशाखात, भर उन्हात, बँडच्या मागे गोगलगाईच्या चालीनं न्यायची. पुढे नवरदेवाचे मामे नाचतायत, कोणी रस्त्यात लोळण घेतोय, गाडी जागेवर गुरगुरतेय आणि पाण्याचा काटा चढतोय. पहिल्याच वरातीत लांबडी बसस्टँडसमोर उकळली. वाफेचा असा लोट उठला की बँडवाले वाजवायचे थांबले. सुटाबुटातला नवरदेव खाली उतरला आणि उरलेली वरात ट्रॅक्टरवरून गेली. भाई रागावले नाहीत, नुसतं माझ्याकडे पाहिलं. ते मला जास्त लागलं.

मी ट्रकचा पंखा बसवला, तेलाच्या पिंपाचा पत्रा कापून पंख्याभोवती गोल आवरण केलं, म्हणजे सगळी हवा रेडिएटरमधूनच ओढली जाईल. एवढं करून दुसऱ्या वरातीत गाडी पुन्हा तापली. मी सगळं तपासलं, पाणी ठीक, पंखा ठीक. मग पुढे जाऊन पाहिलं तर सजावटवाल्यानं जाळीवर झेंडूच्या माळांचा जाड पडदा सोडला होता, आणि वर नवरदेवाच्या आत्यानं ओवाळून एक टॉवेल खोचलेला. वारा आत जाणार कुठून? मी माळा ओरबाडायला लागलो तर आत्या अंगावर आली. शुभकार्यात फुलं तोडतो म्हणे. तेव्हापासून दर लग्नसराईत माझं सजावटवाल्यांशी एक भांडण ठरलेलं असायचं. फुलं छतावर लावा, दारांवर लावा, माझ्या डोक्यावर लावा, पण जाळी मोकळी ठेवा. तिसऱ्या वरातीपासून लांबडी कधी उकळली नाही. ही बढाई नाही, गावात कोणालाही विचारा.

भाई डाव्या सीटवर बसून चालवायचे आणि उजवी सीट माझी असायची. या सीटचं महत्त्व समजून घ्या. आपल्याकडे स्टेअरिंग डावीकडे असलं की पुढच्या ट्रकच्या पलीकडचा रस्ता चालवणाऱ्याला दिसत नाही. तो दिसतो उजवीकडे बसलेल्याला. मी मान बाहेर काढून पाहायचो आणि म्हणायचो, थांबा भाई. किंवा म्हणायचो, येऊ द्या. मी ‘येऊ द्या’ म्हटलं की भाई न पाहता गाडी बाहेर काढायचे. एकदाही त्यांनी विचारलं नाही की नक्की ना? माझ्या सख्ख्या भावानं माझ्यावर एवढा विश्वास कधी टाकला नाही. वरातीत नवरदेव मागे बसायचा, मी पुढे. पहिल्या पंगतीला भाईंच्या शेजारी माझं पान. सुमन म्हणायची, तुम्हीच नवरदेव असल्यासारखे बसता.

आता त्या तारेबद्दल.

लांबडीच्या कार्बोरेटरला चार तोंडं. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला भरवणारं भांडं. साधारण चालीला त्याची दोनच तोंडं उघडतात. पाय अर्ध्याच्या खाली दाबला की उरलेली दोन उघडतात, आणि मग ते सात लिटरचं पोट खऱ्या अर्थानं जेवायला बसतं. मी ती मागची दोन तोंडं तारेनं बांधून टाकली होती. शिवाय टायमिंग मागे घेतलं होतं. टायमिंग म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी कधी पडावी ते. लवकर पाडली तर ताकद वाढते, पण पेट्रोल हलकं असेल तर ते वेळेआधीच भडकतं आणि पिस्टनवर घण पडल्यासारखा ठोका बसतो. त्या काळी आपल्याकडचं पेट्रोल तसंच होतं, ऊन तर असं की पत्र्यावर पापड भाजावेत, रस्त्यावर बैलगाड्या आणि गाडीचे ब्रेक जुन्या ड्रमचे. पळवायला इंजिन लागतं, पण थांबवायला ब्रेक लागतो, हे पळवणाऱ्याच्या लक्षात राहत नाही, मिस्तरीनं ठेवायचं असतं. म्हणून मी बांधली, आणि आजही म्हणेन, बरोबर केलं. भाईंना सांगितलं नव्हतं. विचारलंही नव्हतं त्यांनी. डॉक्टर प्रत्येक गोळीत काय आहे ते सांगतो का?

अशी बरीच वर्षं सुखात गेली. मग माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरनं घराबाहेर पडायला मनाई केली. नेमकं त्याच आठवड्यात नवापूरकडे भाईंच्या नात्यातलं लग्न. मी म्हटलं, भाई, नेऊ नका गाडी. ते म्हणाले, बरं. आणि घेऊन गेले.

परत येताना विसरवाडीला हायवेवर लांबडी बंद पडली. भर दुपार, दोन्ही बाजूंनी ट्रक, आणि गाडी स्टार्टरला दाद देईना. तिथे दासूचं गॅरेज आहे, पत्र्याची शेड आणि समोर कायम दोन-तीन ट्रक. दासू इकडच्या कोकणी या आदिवासी समाजातला, पन्नाशीच्या अलीकडचा. घरी कोकणी बोलतो, ड्रायव्हरांशी हिंदी आणि गुजराती, माझ्याशी शाळेतल्यासारखं मराठी. असलं इंजिन त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. त्यानं पेट्रोलच्या नळीला हात लावला, चटका बसला आणि ओळखलं की नळीतच पेट्रोल उकळून वाफ अडकलीय. ओलं गोणपाट गुंडाळलं, जरा थांबला, गाडी सुरू. इथपर्यंत मीही हेच केलं असतं आणि इथेच त्यानं भाईंना हात जोडून वाटेला लावलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

पण दासू मागे गेला. सायलेन्सरच्या तोंडाशी उकिडवा बसून त्यानं धुरावर तळहात धरला. ठिणगी उशिरा पडत असेल तर धूर जास्त गरम निघतो. मग भाईंना म्हणाला, इंजिन एक नंबर आहे, पण कोणीतरी त्याला झोपवून ठेवलंय. त्यानं तार कापली. ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट ढिला करून, आवाज ऐकत-ऐकत, टायमिंग पुढे घेतलं. चहा व्हायला लागतो तेवढा वेळ लागला म्हणे.

संध्याकाळी भाईंचा फोन आला. डोळ्यावर पट्टी घेऊन मी खाटेवर पडलेलो.

“वसंत, तुले काय सांगू, गाडी पयी नही ऱ्हायनी, उडी ऱ्हायनी.”

पळत नाही, उडतेय म्हणे! त्यांचा आवाज मी असा कधीच ऐकला नव्हता. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, पण पहिल्यांदा सायकल मिळालेल्या पोरासारखा बोलत होता. मी म्हटलं, छान झालं. फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. सुमननं विचारलं, डोळा दुखतोय का? मी हो म्हटलं.

पट्टी निघाल्यावर गेलो तर भाई ओट्यावर बसलेले. तार त्यांनी जपून आणली होती. शांतपणे विचारलं, “हाई तार कोनी बांधी व्हती?” मी म्हटलं, मी. “माले सांगं नही तू.” एवढंच म्हणाले आणि आत चहा सांगितला. पेट्रोल, ऊन, ब्रेक, मी सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली. पण मान हलवणं आणि पटणं यातला फरक मला कळतो.

मग मी विसरवाडीला गेलो. भांडायलाच गेलो होतो, खोटं कशाला सांगू? दुसऱ्याच्या हाताखालच्या गाडीला विचारल्याशिवाय पाना लावायचा नसतो, हा आमच्या धंद्याचा धर्म आहे. एस.टी.त बसून सगळी वाक्यं तयार केली होती. आयत्या बिळावर नागोबा, हे पहिलं वाक्य. दासू एका ट्रकखालून सरपटत बाहेर आला, हात पुसले, माझ्याकडे पाहिलं आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, “काका, लांबडी तुमच्याकडे असते ना? आठही सिलिंडर सारखे बोलतात. असं ठेवलेलं इंजिन मी अजून पाहिलं नाही.” खुर्ची पुढे केली, चहा मागवला. तारेचा विषय त्यानंच काढला. म्हणाला, तेव्हाच्या पेट्रोलवर मीही बांधलीच असती, पण आता पेट्रोलात अल्कोहोल असतं, ते ठोका सोसतं, जुन्या मोटारसायकलींवर करून पाहिलंय मी.

हे खरं होतं. आणि ते मला सुचायला हवं होतं, कारण ते अल्कोहोल उसापासूनच होतं आणि उसाच्या धंद्यात माझी हयात गेली. त्या पेट्रोलानं लांबडीच्या कार्बोरेटरमधलं रबर फुगतं आणि चिकट होतं, म्हणून मी त्याला शिव्या देत बसलो होतो, दर सहा महिन्यांनी वॉशर बदलत होतो. नुकसान करणारी वस्तू दुसऱ्या हातानं काही देतेय का, ते मी पाहिलं नाही. यानं पाहिलं. तयार केलेली सगळी वाक्यं चहाबरोबर गिळून मी परत आलो. माणूस उद्धट असता तर किती सोपं झालं असतं. त्याला नावं ठेवायला जागाच नव्हती आणि त्यामुळे मी जास्तच जळत होतो.

त्यानंतर भाईंच्या तोंडी दासूचं नाव वाढलं. लांबडीला धुवायला विसरवाडी, तेल पाहायला विसरवाडी. शहाद्यात का तेल मिळत नाही? मी पानपट्टीवर बसून लोकांना सांगायचो, बघा, सहा महिन्यांत पिस्टनला भोक पडतं की नाही. महिने गेले. भोक पडलं नाही. मी रोज वाट पाहायचो असं नाही, पण पाहायचो.

मग गेल्या वर्षी डॉक्टरांनी भाईंना गाडी चालवायला बंदी केली. हृदयाचं दुखणं, हातही थरथरायला लागलेले. मुलं पुण्याला असतात, त्यांनी चावी काढून घ्यायचं ठरवलं. भाईंनी एकच गोष्ट मागून घेतली. दिवाळीनंतर थंडी पडली की एकदा लांबडी घेऊन तोरणमाळचा घाट चढायचा, स्वतः चालवून, आणि मग कायमचं बंद. चावी तिथेच सोडायची, आणि ज्याच्या हाती सोडायची त्याच्याकडे गाडी राहील, लग्नांना तोच नेईल. मुलं कबूल झाली. हे ऐकल्यापासून माझ्या जिवाला चैन नव्हतं. आता एकच प्रश्न उरला होता आणि शहादा तालुक्यात त्याचं उत्तर सगळ्यांना माहीत असल्यासारखं वाटत होतं. फक्त मला ते मान्य नव्हतं.

मी भाईंकडे जाऊन गळ घातली की घाट आहे, चढ आहे, तोंडं बांधू या, टायमिंग मागे घेऊ या, गाडी सावकाश पण हमखास वर जाईल. मधेच काही तुटलं तर तुमचा शेवटचा फेरा टोचनवर, दुसऱ्या गाडीनं ओढत नेऊन, संपेल. भाई म्हणाले, दासूलाही विचार. मी विचारलं नाही.

निघायच्या दिवशी सकाळी दासू आधीच आलेला. मी सवयीनं उजव्या दाराकडे गेलो तर भाई म्हणाले, “तुन्हा डोया आत्तेच नवा बसाडेल शेतस. तू मांगे बस.” माझ्या नव्या बसवलेल्या डोळ्यांवरून चेष्टेत म्हणाले, सगळे हसले, मीही हसलो. दोन दारांच्या गाडीत मागे बसायचं तर पुढची सीट वाकवून आत घुसावं लागतं. गुडघे धरत, डोकं आपटत मी आत शिरलो आणि दासूनं माझ्या सीटवर बसून दार लावून घेतलं.

शहादा सोडल्यावर उत्तरेकडे रस्ता जरा मोकळा होतो. पुढे उसाची एक ट्रॉली होती. दासूनं मान बाहेर काढली आणि म्हणाला, येऊ द्या. भाईंनी न पाहता गाडी बाहेर काढली. न पाहता. आणि पाय दाबला.

ती दोन तोंडं उघडली. बोनेटखालून जो आवाज आला तो आवाज नव्हता, छातीवर कोणीतरी तळहात ठेवून दाबल्यासारखं वाटलं. माझी पाठ सीटला चिकटली. ट्रॉली मागे गेली, बाभळी मागे गेल्या. ज्या इंजिनाचं तेल मी निम्मं आयुष्य बदललं, ज्याचा एकेक बोल्ट मी हातानं आवळला, त्याचा खरा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो, तोही मागच्या सीटवरून, आणि तो जागा केलेला दुसऱ्याच कोणी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते कौतुकाचं होतं असं मला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

घाटात तर मी ठोक्याची वाट पाहत होतो. चढावर, जड पायाखाली, इंजिन तापल्यावर तो येतो. पत्र्याच्या डब्यात खिळे घालून हलवावेत तसा आवाज असतो. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. मी पुढच्या दोन सीटांच्या मधे डोकं घालून ऐकत होतो. यावा असं मला वाटत होतं. अगदी एकदा यावा, बारीक यावा, म्हणजे मी म्हणेन, ऐकलंत भाई? भाई थरथरत्या हातांनी स्टेअरिंग फिरवत होते, तोंडानं काहीतरी गुणगुणत होते आणि लांबडी म्हशीनं डबक्यातून बाहेर यावं तशी सहज, जड आणि बेफिकीर वर चढत होती. ठोका आला नाही. पाण्याचा काटा अर्ध्याच्या वर गेला नाही. तो पंखा माझा होता, पण ते कोणाच्या लक्षात राहणार?

वर तोरणमाळच्या तलावापाशी भाईंनी गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं. दोन्ही हात स्टेअरिंगवर, नजर पाण्याकडे. मग उतरले, चावी काढली. मी एका बाजूला, दासू दुसऱ्या बाजूला. दासू मागे सरकून उभा राहिला, वडीलधाऱ्यासमोर राहावं तसा. मी सरकलो नाही.

भाईंनी चावी दासूच्या हातात दिली आणि माझ्याकडे तोंड करून बोलले.

“इतला वरीस तू तिले जपी, वसंत. पन तुन्हाकडे दिधी ते तू तिले झाकी ठेवशी. दासू तिले पयाडी.”

दासू तिला पळवील, म्हणे. आणि खरंच, मी तिला झाकून ठेवली असती. ताडपत्री कुठली आणायची, कुठे बांधायची, तेही माझं ठरलेलं होतं. घाट उतरताना दासूनं खालच्या गिअरवर गाडी इतकी अलगद आणली की ब्रेकबद्दलही मला तोंड उघडता आलं नाही. भाई उजव्या सीटवर झोपले होते.

तेव्हापासून लांबडी विसरवाडीला असते. लग्नसराईत शहाद्यात येते. भाई आता घराबाहेर पडत नाहीत, पण वरात त्यांच्या दारावरून नेण्याचा दासूचा नेम आहे आणि ओट्यावर खुर्ची टाकून ते तिचा आवाज ऐकतात. मी लग्नांना जाणं कमी केलंय. पत्रिका आली की सुमन एकटी जाते आणि आल्यावर सांगते, जाळी मोकळी होती हो.

गेल्या रविवारी सकाळी दारात हॉर्न वाजला. दासू होता. इथून पाच किलोमीटरवर एका कामाला आलो होतो, म्हटलं तुम्हाला भेटून जावं, असं काहीतरी बोलला. तसं काही काम नव्हतं, हे पायातल्या घरच्या चपलांवरून दिसत होतं. इंजिन चालूच ठेवलं होतं. म्हणाला, काका, जरा ऐकता का, तुमच्यासारखं तिला कोणी ओळखत नाही. मी लांब स्क्रू-ड्रायव्हर आणला, टोक ब्लॉकवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि एकेक करून आठही ऐकले. घड्याळासारखं चाललं होतं. कुठे खोट नाही, कुठे कुरबुर नाही. मी पुन्हा एकदा ऐकलं, सावकाश, आणि म्हटलं, “डाव्या रांगेत तिसऱ्याला बारीक आवाज येतोय. आत्ता काही करू नको. पण लक्ष ठेवावं लागेल.”

आवाज काही येत नव्हता.

दासूनं माझ्याकडे पाहिलं. मग मागे गेला, सायलेन्सरशी बसला, तळहात धरला. ज्या हातानं त्यानं भर हायवेवर, ट्रकांच्या गोंगाटात, माझं मागे घेतलेलं टायमिंग ओळखलं होतं तोच हात. बराच वेळ धरून बसला. उठला, हात पॅंटला पुसला.

“हो काका,” तो म्हणाला. “मलाही जरा तसंच वाटलं. पुढच्या रविवारी आणतो, तुम्हीच बघा.”

गाडी कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाली तरी मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन दारातच उभा होतो. त्याला काही जाणवलं नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणजे यातही तोच वरचढ ठरला.